दीड आट्याचा फरक

गेलेंजिक, १२ जानेवारी १९९८

फेन्या मावशी,

हे पत्र पोचेल त्याच्या आधीच खोका पोचलेला असेल. मुर्मान्स्कच्या गाडीत सातव्या डब्याच्या अटेंडंट बाईकडे दिलाय. आत काय आहे म्हणून तिने तीनदा विचारलं. मावशीचा श्वास आहे म्हटलं, तर घेईचना. शेवटी उघडून दाखवला आणि वर सुक्या अंजिरांची माळ दिली, तेव्हा घेतला.

आईकडून कळलं की ऑक्टोबरात तुला न्यूमोनिया झाला होता आणि तीन आठवडे दवाखान्यात होतीस. मला कुणी सांगायचं नाही असं ठरलंय का? तू तर सांगणारच नाहीस. तुझ्या पत्रांत तारामासे कसे आहेत ते असतं, तू कशी आहेस ते नसतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, एकतीस हिवाळे बर्फाखालच्या समुद्रात उतरते आणि अजून त्या दोन नळ्यांच्या जुन्या धुडातून हवा ओढते. लहानपणी एकदा तू मला त्यातून श्वास घ्यायला लावला होतास. दोन दिवस माझे गाल दुखत होते.

तर खोक्यात त्या धुडाच्या जागी तोंडात धरायचा नवा रेग्युलेटर आहे, परदेशी, एका नळीचा. नुसता विकत घेऊन पाठवलेला नाही. दीड महिना दर रविवारी माझ्या पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात बसून, स्क्रू सैल करत करत, मी तो तुझ्यासाठी लावलाय. इतका हलका की ओढावंच लागत नाही. मनात आणलंस की हवा तोंडात. इथल्या पाणबुड्यांना दाखवला तर त्यांनी तोंडात बोटं घातली. तुझ्या फुप्फुसांना आता कष्ट नकोत.

आमच्या काळ्या समुद्राचं पाणी आठ अंशांवर आलं की लोक कुरकुर करत घरी बसतात. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगतो. कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मी आणखी सांगतो.

तुझा,
ग्लेब

•

कामेन-गुबा, ३० जानेवारी

ग्लेबा,

खोका मिळाला. गाडी आमच्या थांब्यावर दोन मिनिटं उभी राहते. त्यातलं दीड मिनिट ती बाई खोक्यावरचं माझं पूर्ण नाव वाचून येरेमेयला विचारत होती, फेवरोन्या तुम्हीच का? येरेमेयची दाढी पोटापर्यंत. तो म्हणाला, हो मीच, दे इकडे. येरेमेय तुला आठवत असेल. मी खाली असते तेव्हा माझ्या कमरेचा दोर वर त्याच्या हातात असतो. बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत तो एकूण पन्नास वाक्यं बोलला असेल.

रेग्युलेटर वापरला. श्वास घेतोय हे कळतसुद्धा नाही. तुझे हात माझ्या वडिलांवर गेलेत बघ. ते होडी जोडायचे तेव्हा सांध्यातून थेंब आत येत नसे. आमच्या समुद्र संशोधन केंद्रात सगळ्यांना दाखवला, भाच्याने केलाय म्हणून सांगितलं. कॉलर जरा ताठ करून सांगितलं, हेही कबूल करते.

गेला आठवडा मात्र खाली गेले नाही. बर्फ हातभर झालाय, उतरायला त्यात खाच कापता कापता जीव जातो. येरेमेयचे तळहात सोलून निघालेत, त्याला काही दिवस दोर धरवणार नाही. जाळी ओढताना सोलले म्हणतो.

तब्येतीचं विचारू नकोस. चांगली आहे. तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही. अंजीर मात्र मला नाही, त्या बाईला मिळाले.

फेन्या मावशी

•

गेलेंजिक, १० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. तू कुणाची स्तुती केलेली मला आठवत नाही. माझ्या लग्नात तू बायकोकडे बघून म्हणाली होतीस, ठीक आहे. तेवढंच.

आता ऐक, तुझ्या पत्राने काय केलंय ते. ओनेगा सरोवरावर शुयगोरा म्हणून गाव आहे, तिथे बचाव पथक आहे. आठ पाणबुडे. हिवाळ्यात गाड्या बर्फ फोडून सरोवरात जातात, माणसं बुडतात, त्यांना काढायला हे उतरतात. त्यांचा प्रमुख रोदिओन सावेलिच महिनाभर मला फोन करतोय की आठ रेग्युलेटर लावून दे. मी टाळत होतो. मी उबदार पाण्यातला माणूस, बर्फाखाली जन्मात गेलेलो नाही. मग तुझं पत्र आलं. फोनवर त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवलं. तो म्हणाला, श्वेत समुद्रात एकतीस हिवाळे काढलेली बाई असं म्हणत असेल तर मला आणखी काही विचारायचं नाही.

आठही अगदी तुझ्यासारखेच लावलेत, तितकेच हलके. एकोणीस तारखेला निघतो, स्वतःच घेऊन जातो. पंचवीसला सगळे बर्फाखाली जाणार, आणि सगळ्यांत आधी मी. माझी ही पहिली वेळ. भीती वाटते, पण तू त्यातून श्वास घेतलायस हे आठवलं की वाटत नाही.

ग्लेब

•

तार
कामेन-गुबा, २४ फेब्रुवारी, दुपारी १२.४०
शुयगोरा बचाव पथक, ग्लेब तारासोव यांस

हलके रेग्युलेटर बर्फाखाली नेऊ नकोस. माझा अठरा मीटरवर गोठला. पत्रात खोटं लिहिलं. स्क्रू दीड आटा आवळ. फेवरोन्या

•

कामेन-गुबा, २४ फेब्रुवारी

ग्लेबा,

तार गेली. तुझ्या हाती पडली की नाही ते आज मला कळणार नाही, उद्याही नाही. तोवर जीव टांगणीला आहे. नुसतं बसवत नाही, म्हणून सगळं लिहिते. यातलं काही गाळलेलं नाही.

एकवीस जानेवारीला खाली गेले. वर हवेत असताना त्यातून एकही श्वास घेतला नाही. तेवढं मला कळतं. उणे वीसच्या थंडीत वर श्वास घेतला की तोंडची वाफ आत गोठते. पाण्यात डोकं गेल्यावरच पहिला श्वास घेतला. छान होता, ते खोटं नव्हतं. अठरा मीटरवर पोचले, कामाला लागले, नवव्या-दहाव्या मिनिटाला तो सुटला. मी ओढत नव्हते तरी हवा येत होती. आधी थोडी, मग घोड्याच्या लाथेसारखी. बंदच होईना.

इथलं पाणी उणे दीड अंश असतं. टाकीतली दाबलेली हवा सुटली की आपोआप आणखी गार होते. रेग्युलेटर हलका लावला की दर श्वासाला गरजेपेक्षा जरा जास्त हवा सुटते, म्हणजे आणखी गारवा. मग आत बर्फाचा कण धरतो, झडप उघडी अडकते, आणि टाकी दोन मिनिटांत रिकामी. तू माझ्या फुप्फुसांचा विचार केलास. पाण्याचा कोण करणार? इथले जुने लोक मुद्दाम जड ठेवतात आणि गाल दुखवून घेतात, ते काय हौसेने?

माझीही चूक आहे. नव्या यंत्राबरोबर दुसरं सोबत न्यायचं असतं. आमचं दोन नळ्यांचं धूड कधी गोठत नाही, म्हणून एकतीस वर्षांत दुसरं न्यायची सवयच लागली नाही. आणि टाकीची पाठीमागची झडप फिरवून हवा बंद करावी तर न्यूमोनियापासून उजवा खांदा वर जात नाही. हात पोचला नाही. दोराला खूण देणार होते, तो हातसुद्धा गुंतलेला. मी खूण दिलीच नाही. येरेमेयने खुणेची वाट पाहिली नाही. बर्फाखालून खाचेत येणारे बुडबुडे बघून त्याला कळलं की इतकी हवा एक बाई सोडू शकत नाही. हातमोजे काढून फेकले आणि नुसत्या हातांनी ओढलं, कारण मोजे दोरावर घसरत होते. त्याचे तळहात सोलले ते त्यामुळे. जाळी-बिळी काही नाही. असा माणूस दोराला मिळणं म्हणजे नशीबच, पण त्याच्या तोंडावर म्हटलं तर तो उठून निघून जातो.

दुसऱ्या दिवशी टाकी खाचेत सोडून मी काठावर पालथी पडले आणि तोंड पाण्यात घालून त्यातूनच श्वास घेत राहिले. सातव्या मिनिटाला सुटला. मग स्क्रू दीड आटा आवळला. वीस मिनिटं धरून राहिला. केसांचा बर्फ झाला, पण कळायचं ते कळलं. म्हटलं, दुरुस्त झालाय, विषय संपला, पोराने दीड महिना रविवार घातलेत, त्याला कशाला दुखवायचं. म्हणून तसं लिहिलं. ते पत्र तू आठ माणसांच्या जिवावर वापरशील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. यायला हवं होतं.

ओनेगाचं पाणी गोडं आहे. ते समुद्राच्या पाण्याआधी गोठतं. देवा, ती तार पोचू दे.

फेन्या

•

शुयगोरा, २८ फेब्रुवारी

मावशी,

पोचली. आधी तेवढं वाच आणि चहा घे. आठही जण जिवंत आहेत, मीही आहे.

तार बर्फावर आली. पोस्टातली बाई ती घेऊन मुलाच्या घसरगाडीवर बसून आली होती. सगळ्यांनी पोशाख चढवलेले, मी शिडीवर. रोदिओन सावेलिचने तार वाचली, मग मी तुझं पत्र खिशातून काढून दिलं. एका हातात पत्र, एका हातात तार, तो दोन्हींकडे बघत म्हणाला, "यातली खरी मावशी कुठली?" मी म्हटलं, "तारेतली. स्वतःला खोटारडी म्हणवून घ्यायला ती दुसऱ्या कशासाठीही तयार होणार नाही." एक जण मागून म्हणाला, एका म्हातारीच्या ओळीसाठी आम्ही घरी जायचं का? रोदिओन म्हणाला, घरी नको, आधी बघू. मग मीच एक हलका रेग्युलेटर घेऊन चार मीटरवर उतरलो. शिडी हाताशी, दोराला चार माणसं. पाचव्या मिनिटाला सुटला.

मावशी, हवा तोंडावर आदळते, चष्मा थरथरतो, काही दिसत नाही आणि कानात आगगाडी जाते. चार मीटरवर होतो. शिडीला हात लावून होतो. तरी मी ओरडलो, पाण्यात, बुडबुड्यांत. तू अठरा मीटरवर होतीस आणि तुझा एक हात वर जात नव्हता. मी आयुष्यभर लोकांना तुझ्या गोष्टी सांगितल्या, पण तू काय करतेस ते मला त्या दिवशी कळलं.

सगळे दीड आटा आवळले. प्रत्येकाला दुसरा रेग्युलेटर, वेगळ्या झडपेवर. तीन दिवस सगळे उतरतायत, एकही सुटलेला नाही. तुझं लांब पत्र काल आलं. रोदिओनने ते भिंतीवर लावलंय.

आता माझं ऐक. मला राग आलाय. बत्तीस वर्षांच्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून तू खोटं लिहिलंस. माझ्या हातून तू मरणार होतीस, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. तो माझा हक्क होता. पुढे असं करू नकोस. तुझ्यासाठी आवळलेले दोन पाठवतोय. खांदा बरा झाला की दोन्ही घेऊनच खाली जा.

ग्लेब

•

कामेन-गुबा, १० मार्च

ग्लेब,

मी येरेमेय, दोरवाला. मी पत्रं लिहीत नाही. शेवटचं सैन्यातून आईला लिहिलं होतं.

तू पाठवलेले दोन आले. तिने डबा उघडला, बघितलं, बंद करून कपाटावर ठेवला. ती तुला लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

तू शुयगोराला निघाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी तिच्याकडेच होतो. वाचता वाचता उठली, टोपीसुद्धा न घालता बाहेर. पोस्ट अकरा किलोमीटर. मी बर्फगाडी चालवली, ती मागे बसून माझ्या पाठीवर बुक्के मारत होती की जोरात चालव. पोस्टात लुकेर्या बसते. तार मोठ्याने वाचून शब्द मोजायचे हा तिचा नियम. मागे रांगेत आमच्या केंद्राचा स्वयंपाकी. लुकेर्याने पहिली ओळ वाचली आणि थांबली. हळूच म्हणाली, "फेन्या, 'माझा' काढ. 'एकाचा' लिही. अर्काद्यी ल्वोविचला कळलं तर तुझं उतरणं बंद करेल." अर्काद्यी आमचा प्रमुख. न्यूमोनियापासून तो कारणच शोधत होता. एकवीस जानेवारीचं आम्ही दोघांनी केंद्रात कुणाला सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "'एकाचा' लिहिलं तर पोरगा म्हणेल, असेल कुणी अडाणी. 'माझा' वाचलं तर थांबेल. वाच पुढे."

लुकेर्याने वाचलं. स्वयंपाक्याने ऐकलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या केंद्राला माहीत. गुरुवारी अर्काद्यीने तिला बोलावून तिचं उतरण्याचं बुक मागितलं. एकतीस वर्षांचं, आणि ते नसेल तर उतरायची परवानगी नाही. तिने ते टेबलावर ठेवलं. भांडलो मी. तो म्हणाला, नियम आहे. नियम आहे, हे खरं आहे. तो वाईट माणूस नाही.

तिने तुला लिहिलं असेल की मी वाचवलं. दोर कुणीही ओढतो. मी खूप जणांना ओढलंय. घाबरलेला माणूस पाण्याला लाथा मारत येतो, तोंडातलं फेकून देतो, मग पाणी पितो. तिने ते दातांत धरून ठेवलं. सुटलेल्या हवेतून जेवढी लागेल तेवढी घेतली, बाकी ओठांच्या कडेने सोडून दिली. मी ओढत होतो त्याच वेगाने आली, पुढे पळाली नाही. वर आली, काठावर कोपर टेकलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "टाकी बंद कर, हवा वाया चाललीय." मी चौसष्ट वर्षांचा आहे. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी लिहिलं हे तिला सांगू नकोस.

येरेमेय

•

शुयगोरा, २१ मार्च

मावशी,

तुझं पत्र आलं नाही, पण काही हरकत नाही, कामात असशील. मी अजून इथेच आहे. रोदिओन सोडत नाही, आणि मलाही आता बर्फाखालचं आवडायला लागलंय. खालून बर्फ निळा दिसतो हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

एक काम होतं. पथकाला शिकवायला कुणीतरी हवंय, दोन आठवड्यांसाठी, एप्रिलच्या मध्यापर्यंत. मी तुझं नाव नाही घेतलं, रोदिओननेच घेतलं. म्हणाला, अठरा मीटरवरून ज्या बाईने ते दातांत धरून वर आणलं, तीच हवी. तुला इथे खाली उतरता येईल, इथली परवानगी वेगळी असते, ती रोदिओन देतो. येरेमेय काकांनाही घेऊन ये. केंद्रातून तुला सुट्टी मिळणं आता सोपं असेल असं वाटतं.

ग्लेब

•

कामेन-गुबा, २ एप्रिल

ग्लेबा,

"दातांत धरून" हे मी तुला लिहिलं नव्हतं. ते एकाच माणसाने पाहिलं. आणि सुट्टी आता सोपी का असेल, तेही मी लिहिलं नव्हतं. तू लपवण्यात माझ्याहून कच्चा आहेस. येरेमेयला विचारलं तर तो जाळं विणत बसला, आणि विणण्यासारखं काही नव्हतं.

तर हो, बुक गेलं. वाईट वाटतं. खूप वाटतं. सकाळी खाचेवरून जाते तेव्हा बघवत नाही, दुसऱ्या वाटेने जाते. पन्नास पावलं जास्त पडतात. लुकेर्याने सुचवलेला शब्द लिहिला असता तर बुक राहिलं असतं, हे मी पोस्टातच ओळखलं होतं. पण त्या खिडकीत उभं असताना मला तू शिडीवर दिसत होतास. दुसरा शब्द सुचलाच नाही. म्हणून माझी स्तुती करू नकोस, तिथे निवड करायला काही नव्हतं.

रोदिओनला सांग, मी येते. येरेमेय पण येतो, त्याने त्यासाठी सहा शब्द खर्च केले. आठही जणांना मी खाचेच्या काठावर पालथं पाडून, तोंड पाण्यात घालून शिकवीन, रडले तरी. पण खाली मी जाणार नाही, परवानगी कुणीही देवो. माझा हात पाठीमागच्या झडपेपर्यंत पोचत नाही. हे मला अर्काद्यीच्या आधीपासून माहीत होतं. त्याने बुक घेतलं नसतं तर मी गेलेच असते, अजून दोन-तीन हिवाळे, आणि एक दिवस येरेमेयच्या हातात नुसता दोर आला असता. हे मी त्याला कधी सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

खाली तू जा. मी वर बसते. आणि वर आल्यावर, मावशीला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

फेन्या